वाचकांचे प्रश्न : लग्नाच्या शूटिंगसाठी एफपीव्ही शिकायचंय

प्रश्न : मी कराडला लग्नाचं शूटिंग करतो. कॅमेरा ड्रोनवर हात साफ आहे. आता गिऱ्हाइकं रील दाखवून म्हणतात, मांडवाच्या दारातून थेट आत शिरणारा असा शॉट पाहिजे. पाच इंची पंख्यांचा एफपीव्ही ड्रोन (म्हणजे गॉगलमध्ये ड्रोनच्या नजरेने पाहत उडवायचा), गॉगल, रिमोट असा सगळा सेट एकदमच घ्यावा म्हणतो. लग्नसराईआधी जमेल का?

उत्तर : सेट घेऊ नका, आधी नुसता रिमोट घ्या. आणि ही लग्नसराई सोडून द्या.

तुमचा साफ हातच तुम्हाला नडणार आहे. कॅमेरा ड्रोनवर गडबड झाली की आपण दोन्ही अंगठे उचलतो. रिमोटच्या दांड्या मध्यावर येतात आणि ड्रोन जागच्या जागी थांबतो. एफपीव्हीच्या अ‍ॅक्रो मोडमध्ये ड्रोन स्वतःहून सरळ होत नाही; तो पुढे झुकवून दांडी सोडलीत, तर झुकलेलाच राहतो आणि पळत सुटतो. थ्रॉटलच्या, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करायच्या दांडीला तर मध्यावर आणणारी स्प्रिंगच नसते, त्यामुळे उंची सांभाळायची ती सतत तुम्हीच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत कॅमेरा ड्रोनवाले इथेच ओळखू येतात. घाबरले की थ्रॉटल शून्यावर, ड्रोन खाली येताना दिसला की दचकून पूर्ण वर. हातात कधी ड्रोन न धरलेली कॉलेजची पोरं हे लवकर शिकतात.

म्हणून सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच ड्रोन उडवायचा सराव. रेडिओमास्टर पॉकेटसारखा एक्सप्रेसएलआरएसचा (ही रिमोट-ड्रोन जोडणारी रेडिओ पद्धत) रिमोट पुढे खऱ्या ड्रोनलाही चालतो. तो यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोन हा सिम्युलेटर सुरू करा. कोलांट्या राहू द्या. दोन झाडं निवडून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, उंची न बदलता. वळताना ड्रोन कलतो, कलला की खाली बसतो, म्हणून तेवढ्यापुरता थ्रॉटल किंचित वाढवावा लागतो. हे विचार न करता व्हायला लागलं की पुढची खरेदी.

ती 65 मिलिमीटरच्या टायनी व्हूपची, म्हणजे तळहाताएवढ्या एफपीव्ही ड्रोनची. पंख्यांभोवती प्लॅस्टिकची कडी असते, घरात उडतो, भिंतीला आपटला तरी बहुतेक वेळा काही होत नाही. छताचा पंखा मात्र बंद ठेवा! खुर्चीच्या पायांमधून आणि पलंगाखालून नेता आला, तर मांडवाचं दार लांब नाही. आपटल्याबरोबर आर्मिंगचा, म्हणजे मोटर चालू-बंद करायचा खटका पाडून मोटर बंद करायची सवय लावा, नाहीतर अडकलेली मोटर जळते. ड्रोन उगाच एका बाजूला फिरायला लागला तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी पंखे काढून पाहा. मोटरच्या दांडीला बायकांचा लांब केस गुंडाळलेला सापडतो. चिमट्याने हळू सोडवायचा, ओढायचा नाही.

आता कायद्याचं. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पाच इंची ड्रोन बॅटरीसकट त्याच्या वर जातो, म्हणजे मायक्रो. तो हौसेखातर उडवलात तर ठीक. पैसे घेऊन उडवायला सर्टिफिकेट हवंच. कराडला धावपट्टी आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते आधी पाहा. गॉगल लावला की आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी डोळस माणूस उभा हवाच. आणि वऱ्हाडाच्या डोक्यावरून पाच इंची फिरवायचा विचार सर्टिफिकेट मिळालं तरी करू नका. त्या कार्बन फ्रेमच्या पंख्यांना कडी नसते. मांडवातल्या शॉटला कडी असलेला छोटा ड्रोनच योग्य.

प्रश्न : मुलाने छोटा एफपीव्ही ड्रोन घेतलाय. त्याच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावून झोपतो. मला भीती वाटते.
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, भीती रास्त आहे. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी कोणी जागं आणि समोर असतानाच चार्ज करायची, फरशीवर, गादी-पडद्यापासून लांब. उडवून आणलेली गरम बॅटरी आधी निवू द्यायची. छोट्या चार्जरवर बहुधा 4.2 आणि 4.35 व्होल्ट असा खटका असतो. बॅटरीवर एलआयएचव्ही (जास्त व्होल्टची लिथियम बॅटरी) छापलेलं असेल तरच 4.35. आठवडाभर उडवणार नसेल, तर ती भरून ठेवायची नाही, 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवायची. एखादी फुगलेली दिसली तर ती पुन्हा चार्जरला लावू देऊ नका, त्याने कितीही गयावया केली तरी.