'व्यक्ती, समाज आणि नवनिर्मिती' हा घटक नववी-दहावीला कवितेतून कसा शिकवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नववी-दहावीला मराठी शिकवता, वर्गात ५५ मुलं, हातात ३५ मिनिटांच्या ८ तासिका. या घटकासाठी काय वाचायला घ्यावं, आणि मुलं गाईडमधून 'व्यक्ती विरुद्ध समाज' एवढंच उचलून मोकळी होतात, त्यावर काय उपाय?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देतो, कारण घटक फसतो तो तिथेच. पहिल्या दिवशी फळ्यावर विषयाचं नाव लिहिलं की मुलांना उत्तर आधी मिळतं आणि कविता नंतर. मग ती कविता वाचत नाहीत, ठरलेल्या उत्तराला शोभेल अशी एखादी ओळ तेवढी उचलतात. म्हणून पहिल्या ३ तासिका विषयाचं नाव काढूच नका. एकच कविता घ्या आणि तिच्यातली क्रियापदं तपासा.

कविता केशवसुतांची 'तुतारी', १८९३ सालची. कवीची ओळख दोन मिनिटांत उरका: कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मालगुंड, पेशा शिक्षकाचा, मृत्यू १९०५. तुतारी म्हणजे काय हे मात्र दाखवा, मिरवणुकीतलं छायाचित्र असलं तरी चालेल. २०२४ पासून तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं निवडणूक चिन्ह आहे, त्यामुळे वर्गात हशा पिकणारच. तो दाबू नका. 'हो, तेच वाद्य, पण ही कविता सव्वाशे वर्षांहून जुनी आहे' एवढं सांगून पुढे जा.

आता पहिलं कडवं फळ्यावर पूर्ण लिहा:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने
अशी तुतारी द्या मजलागुनि!

बाजूला दोन रकाने आखा, 'मी' आणि 'तुम्ही'. मुलांनी क्रियापद सांगायचं आणि ते करणारा कोण तेही सांगायचं. 'फुंकिन' आणि 'भेदुनि टाकिन' मीच्या रकान्यात जातात. 'द्या' तुम्हीच्या, आणि ते दोनदा येतं, पहिल्या ओळीत आणि शेवटच्या. म्हणजे 'मी' मध्ये आहे आणि दोन्ही बाजूंना 'तुम्ही' उभे आहेत. इथे थांबून एकच प्रश्न विचारा: फुंकणार हा, पण आणून देणार कोण? पाच मिनिटं द्या. देव, मित्र, लोक, वाचक अशी उत्तरं येतील. कुठलंच खोडू नका, पण प्रत्येकाला विचारा, 'हे कुठल्या शब्दावरून?' संपूर्ण घटकात हाच प्रश्न चालवायचा आहे.

मग 'जुने जाउं द्या मरणालागुनि' हे कडवं घ्या. त्याचा शेवट असा:

सडत न एक्या ठायी ठाका
सावध! ऐका पुढल्या हाका
खांद्यास चला खांदा भिडवुनि!

'ठाका' मुलांना कळत नाही. त्याचा अर्थ राहा, थांबा. तो आधी सांगा, नाहीतर ओळीचा अर्थ उलटा लागतो. या कडव्यातली क्रियापदं काढा: द्या, टाका, ठाका, ऐका, चला. पाचही दुसऱ्यांना उद्देशून. मीचा रकाना रिकामा! बंडखोर म्हणून ज्याची ओळख पाठ करून घेतली जाते तो कवी इथे एकटा लढत नाही, तो लोकांकडे वाद्य मागतो आणि मग त्यांना खांद्याला खांदा लावायला सांगतो. मुलांनी हे स्वतः मोजून काढलेलं असतं, त्यामुळे परीक्षेतही ते विसरत नाहीत.

याच कडव्यावर नेहमीची चूक होते. 'जुने' म्हणजे आजी-आजोबा, सण, देवळं, सगळंच, असं मुलं धरतात. मग अर्धा वर्ग परंपरेच्या बाजूने, अर्धा विरोधात, आणि कविता बाजूला. वादविवाद लगेच लावू नका, आधी 'लेणी'चं कडवं वाचा. या घटकात माझ्या मते सर्वांत मोलाचं कडवं हेच, त्याला पूर्ण तासिका द्या:

प्राप्तकाल हा विशाल भूधर
सुंदर लेणी तयात खोदा
निजनामे त्यांवरती नोंदा
बसुनी का वाढविता मेदा?
विक्रम काही करा, चला तर!

भूधर म्हणजे डोंगर, प्राप्तकाल म्हणजे आपल्या वाट्याला आलेला काळ, मेद म्हणजे अंगावरची चरबी. शब्दार्थ झाले की विचारा: 'जुने मरू द्या' म्हणणाऱ्याने नव्या कामासाठी प्रतिमा कुठली घेतली? लेणी! महाराष्ट्रातली फार जुनी कारागिरी. मग लेणं कसं खोदतात ते सांगा. वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलं आहे. इमारतीत वीट चुकली तर काढता येते, इथे चुकून उडालेला दगड परत बसवता येत नाही. एकट्याच्या छिन्नीने हे होत नाही, पिढी-दोन पिढ्यांचे हात लागतात. मग 'निजनामे' कशाला? कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनेच्या दालनात, खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यातले बरेच धेनुकाकट नावाच्या गावचे. खांब सगळ्यांच्या दालनातला, नाव ज्याचं त्याचं. व्यक्ती, समाज आणि नवं काम, तिन्ही या पाच ओळींत आहेत. घटकाचं नाव फळ्यावर लिहायची वेळ आता आली.

एक तासिका मात्रा मोजायला ठेवा. वेळ वाया जाईल असं वाटतं, पण जात नाही. प्रत्येक ओळ १६ मात्रांची आहे. ऱ्हस्व अक्षर एक, दीर्घ दोन; 'फुंकिन'मधला फुं किंवा 'विक्रम'मधला वि असं आघात येणारं ऱ्हस्वही दोन. 'एक तुतारी द्या मज आणुनि' टाळ्यांवर मोजून घ्या. 'जुने जाउं द्या' मध्ये कुणीतरी 'जाऊ' लिहितो आणि बेरीज १७ येते. ती चूक होऊ द्या, उ ऱ्हस्व का आहे हे मुलांना तिथेच कळतं. 'पुढल्या'तला ढ जोडाक्षराच्या आधी असला तरी एकच मात्रा धरायची, कारण त्यावर आघात येत नाही. यमकही पाहा: पहिली आणि पाचवी ओळ जुळते, मधल्या तीन एकमेकींशी. मात्रांची चाल जुनी, सांगणं नवं. नवनिर्मिती म्हणजे सगळंच मोडणं नव्हे, हे व्याख्यान न देता पोचतं.

मग तुकोबांच्या दोन ओळी: 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥' इथे मुलं 'बहुमत' हा शब्द निवडणुकीतला समजतात. 'अनेकांचं मत' असा अर्थ आधी फळ्यावर लिहा. खरा शब्द 'ग्वाही', म्हणजे साक्ष. लोकांचं न ऐकणारा हट्टीही असू शकतो, मग तुकोबा आणि हट्टी माणूस यांत फरक कसा करायचा? उत्तर ओळीतच आहे: मनाला साक्षीला उभं केलं आहे, आणि साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. अनेकांचं मत नाकारणारी ही ओळ गेली पावणेचारशे वर्षं अनेकांच्या तोंडी आहे, हेही मुलांसमोर ठेवा.

जोतीरावांची 'विद्येविना मति गेली' ही साखळी अर्धी तासिका पुरते, कारण मुलांना ती पाठ असते. तिथे फक्त बाण काढून घ्या: विद्या, मती, नीती, गती, वित्त. मधली एक कडी झाकायची आणि ती नसेल तर पुढची का कोसळते हे विचारायचं. इथे बोलणारा स्वतःबद्दल एक शब्दही बोलत नाही, समाजाचं निदान करतो. 'तुतारी'शी फरक लगेच दिसतो.

केशवसुतांचीच 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' (१८८८) घ्यायची असेल तर अवश्य घ्या, पण तयारीने. 'अंत्यज', म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतला माणूस, हा शब्द त्या काळचा, अपमानाचा, आज कुणालाही वापरायचा नाही, हे कविता उघडण्याआधी सांगा. 'तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय?' असं भर वर्गात कधीही विचारू नका. दोन-चार मुलं सगळ्यांच्या नजरेत उघडी पडतात आणि पुन्हा तोंड उघडत नाहीत. प्रश्न कवितेतल्या आईवर ठेवा: लेकराच्या प्रश्नाला ती काय उत्तर देऊ शकते, आणि तिला हे उत्तर कुणी शिकवलं असेल?

शेवटच्या दोन तासिका लेखनाच्या. ५५ मुलांचे पाच-पाचचे ११ गट करा. प्रत्येक गटाने पाच ओळींचं एक कडवं रचायचं, प्रत्येकाची एक ओळ, १६ मात्रा, 'तुतारी'चंच यमक. विषय गावातली, शाळेतली किंवा घरातली बदलायला हवी अशी एक गोष्ट. दोन अटी घाला. 'समाज', 'बदल', 'क्रांती' हे शब्द बंद, नाहीतर फलकावरच्या घोषणा येतात. आणि कडव्यात दुसऱ्याकडे मागितलेली एक हाताला लागेल अशी वस्तू हवी: नळाची चावी, बसचा पास, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली. पहिल्या खर्ड्यात मात्रा १४ ते १९ पर्यंत भरकटतात. त्या दुरुस्त करताना मुलं शब्द बदलतात, आणि शब्द बदलताना नेमकं काय म्हणायचं आहे ते त्यांना सापडतं. म्हणून दुसरी तासिका निव्वळ दुरुस्तीला द्या.

गुण १० धरा: कवितेतला शब्द उचलून त्याच्या आधारे केलेल्या विधानाला ४, 'मी' आणि 'तुम्ही' यांचं नातं सांगण्याला ३, स्वमताला २, शुद्धलेखनाला १. स्वमताला जास्त दिलेत की पुन्हा गाईडचा परिच्छेद येतो. तपासताना मुलाने कवितेतून घेतलेल्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करा. पानभर उत्तरात एकही गोल नसेल तर गुण न देता वही परत द्या, आणि समासात फक्त 'कुठल्या शब्दावरून?' एवढं लिहा.