बेडकाच्या डोळ्याला डोळा

फोंड्यात, परसातल्या तळ्यावर बेडूक येतात, त्यांचे फोटो काढायला कोणती लेन्स घेऊ, असं विचारता, तर लेन्सची चिंता सोडा. सुरुवातीला मोबाइलही पुरे. फक्त उभ्याने फोटो काढू नका. मी दोन पावसाळे नुसत्या पाठीच टिपल्या! जुनं पोतं अंथरून आडवे व्हा, फोकस डोळ्यावर ठेवा.

- टॉर्च बाजूने धरा. समोरून मारलात तर ओली कातडी पांढरीफटक येते.
- उचलून 'नीट' बसवू नका. डासांचं मलम लावलेला हात तर नकोच. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो.
- गमबूट. बेडूक तिथे साप.

जूनमध्ये पिवळाधमक बुलफ्रॉग (मोठा बेडूक) गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडताना दिसला, तर हलू नका. चाहुलीने गप्प झाला तरी थांबा, पुन्हा सुरू होतो.