शिकागोचा लढा मेमधला, सुट्टी सप्टेंबरमध्ये!

प्रश्न : १ मेचा कामगार दिन शिकागोच्या लढ्यातून आला. मग अमेरिकेत ही सुट्टी सप्टेंबरमध्ये का?

उत्तर : न्यूयॉर्कच्या कामगारांनी ५ सप्टेंबर १८८२ लाच मोठी मिरवणूक काढली होती. आठ तासांच्या दिवसासाठीचा संप १ मे १८८६ चा. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला. पुरावा तोकडा असूनही चौघा कामगार कार्यकर्त्यांना फाशी झाली. १८८९ च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने पुढच्या वर्षीच्या जागतिक निदर्शनांसाठी १ मे ठरवला. अमेरिकेने मात्र १८९४ मध्ये सप्टेंबरचा पहिला सोमवार मान्य केला. लढ्याची आठवण टाळायचा हा सोयीचा मार्ग होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या कामगार दिनाची तारीख बघताना राज्य आधी पाहा, इथेच गफलत होते : व्हिक्टोरियात मार्चचा दुसरा सोमवार, क्वीन्सलँडमध्ये मेचा पहिला.