वाचकांचे प्रश्न : हट्टी नावांच्या फाइली

प्रश्न : लिनक्सवरील माझ्या एका फोल्डरमध्ये ‘-जमाखर्च’ आणि ‘दऱ्या’ अशा दोन नकोशा फाइली आहेत. पहिली पुसू गेल्यास, नाव अवतरणचिन्हांत घालूनही, ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ असा संदेश येतो. दुसरी यादीत दिसत असूनही अशी फाइलच नाही असे उत्तर मिळते. काय करावे?
— एक वाचक

उत्तर : (आज्ञा येथे नागरीत छापल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीतच द्याव्यात, फाइलींची नावे मात्र आहेत तशीच.) आपली आज्ञा आधी शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, वाचतो आणि मग फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’कडे (rm) सोपवतो. अवतरणचिन्हे शेलपुरतीच असतात व तो ती काढूनच नाव पुढे देतो. त्यामुळे मोकळी जागा किंवा तारांकन असलेली नावे त्यांनी आटोक्यात येतात, पण आरंभीची आडवी रेघ ‘आरएम’पर्यंत तशीच पोहोचते आणि तो तिला पर्याय समजतो. यावर ‘आरएम -- -जमाखर्च’ हा उपाय आहे, कारण दोन रेघांपुढे पर्याय संपले असे मानले जाते. मला मात्र ‘आरएम ./-जमाखर्च’ अधिक पसंत आहे. ‘./’ म्हणजे ‘याच फोल्डरमधली’, त्यामुळे नावाचा आरंभ रेघेने होत नाही, आणि ही सवय इतरत्रही वाचवते. चुकून ‘~’ नावाचे फोल्डर तयार झालेले असताना ‘आरएम -आर ~’ म्हटले, तर शेल त्या चिन्हाच्या जागी आपल्या होम फोल्डरचा पत्ता घालतो आणि सगळेच पुसले जाते, ‘./~’ लिहिल्यास तो धोका राहत नाही.

दुसरी अडचण खास मराठी असावी. युनिक्सच्या, आणि म्हणून त्याच घडणीच्या लिनक्सच्याही, लेखी नाव म्हणजे बाइटांची ओळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून त्यात काहीही चालते. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर नुक्त्याच्या ‘ऱ’नेही टंकता येते, आणि साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखी दिसली तरी बाइट निराळे असतात. अशा वेळी नाव टंकूच नये. ‘आरएम -आय ./द*’ दिल्यास ‘द’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक फाइलीबद्दल विचारणा होते, हवी तिथेच होकार द्यावा.

पहिले अक्षरही ओळखता येत नसेल, तर ‘एलएस -आय’ने फाइलीचा आयनोड क्रमांक (नावाऐवजी वापरता येणारा तिचा अंतर्गत ओळखक्रमांक) पाहावा आणि ‘फाइंड . -मॅक्सडेप्थ 1 -आयनम’ व त्यापुढे तो क्रमांक, एवढेच आधी चालवून नेमके तेच नाव येते ना याची खात्री करावी. मगच शेवटी ‘-डिलीट’ जोडावे. ते ‘-आयनम’च्या आधी पडले, तर ‘फाइंड’ क्रमांक तपासण्यापूर्वीच समोर येईल ते पुसत जातो.