शीतयुद्ध, अबोला आणि धुसफूस

एका वाचकाने विचारलं आहे: ‘अमुक दोन नेत्यांमध्ये शीतयुद्ध’ असं बातम्यांत सर्रास वाचायला मिळतं. हा वापर बरोबर आहे का? मुळात अमेरिका-रशियाच्या वैराला हे नाव कोणी दिलं आणि त्यात ‘शीत’ असं काय होतं?

शब्द अर्थातच ‘कोल्ड वॉर’वरून घडवलेला आहे. इंग्रजीत आजच्या अर्थाच्या अगदी जवळ जाणारा वापर सापडतो तो जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या लेखात. ‘ट्रिब्यून’ या ब्रिटिश साप्ताहिकात १९ ऑक्टोबर १९४५ला तो आला, म्हणजे हिरोशिमाला जेमतेम अडीच महिने झाले होते. त्याचं म्हणणं असं, की बंदूक स्वस्त असते, त्यामुळे ती सामान्य माणसाच्याही हाती येते. अणुबॉम्ब अतोनात महाग, म्हणून तो दोन-तीन बलाढ्य राज्यांकडेच राहील. ही राज्यं एकमेकांवर तो टाकणार नाहीत, पण कोणी कोणाला जिंकूही शकणार नाही, आणि शेजाऱ्यांशी त्यांचं कायमचं ‘कोल्ड वॉर’ चालू राहील. हे लिहिलं तेव्हा बॉम्ब फक्त अमेरिकेकडे होता. सोव्हिएत संघाने पहिली चाचणी केली ती २९ ऑगस्ट १९४९ला.

पण ऑर्वेलच्या लेखातून शब्द लोकांच्या तोंडी गेला नाही. ते काम केलं बर्नार्ड बारूक या अमेरिकी धनाढ्याने. १६ एप्रिल १९४७ला साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळात त्याच्या तैलचित्राचं अनावरण होतं. त्या भाषणात तो म्हणाला, भ्रमात राहू नका, आज आपण एका ‘कोल्ड वॉर’च्या मध्यात आहोत. शब्द त्याचा नव्हे, भाषण लिहून देणाऱ्या हर्बर्ट स्वोप या पत्रकाराचा. नंतर वॉल्टर लिपमन या स्तंभलेखकाने त्याच नावाची लेखमाला लिहिली, तिचं पुस्तक झालं आणि शब्द जगभर गेला. गंमत म्हणजे लिपमनने ते सारं लिहिलं होतं अमेरिकी धोरणावर टीका करायला. रशियाला जागोजागी थोपवत बसलात तर लढाईची जागा रशिया निवडेल आणि तुम्हाला भलत्यासलत्या सत्तांना पोसावं लागेल, हा त्याचा मुद्दा होता. पुढच्या चाळीस वर्षांकडे पाहता तो बराचसा खरा ठरला असं मला वाटतं.

आता वैर कुठून आलं ते. मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो एक कागदाचा कपटा. ऑक्टोबर १९४४, मॉस्को. हिटलर अजून हरायचा होता. चर्चिलने स्टालिनसमोर एक चिठ्ठी सरकवली: रुमानियात रशियाचा वाटा ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९०, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मेनिम्मे. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर बरोबरची खूण केली. लाखो लोकांचं भवितव्य असं उरकलेलं बरं दिसणार नाही, कागद जाळून टाकू का, असं चर्चिलने विचारलं, तर स्टालिन म्हणाला, असू द्या तुमच्याकडेच. हा प्रसंग खुद्द चर्चिलनेच आठवणींत लिहून ठेवला आहे.

असा व्यवहार करणारी माणसं अडीच वर्षांत हाडवैरी का झाली? कारण पोलंडसारख्या देशाची वाटणी टक्केवारीत होत नव्हती. तीस वर्षांत दोनदा जर्मन फौजा रशियावर चालून आल्या, त्या तिकडूनच. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. स्टालिनला सीमेवर आपल्या मुठीतली सरकारं हवी होती. याल्टाच्या शिखर बैठकीत कबूल केलेल्या मोकळ्या निवडणुका त्यात बसत नव्हत्या आणि पश्चिमेला ती सरळसरळ दगाबाजी वाटली. भीती एकाची, संशय दुसऱ्याचा. दोन्ही खरे होते. मात्र त्याची किंमत मोजली ती पोलंडने.

तारीखच हवी असेल तर मी २१ फेब्रुवारी १९४७ सांगेन. त्या दिवशी ब्रिटिश वकिलातीने वॉशिंग्टनला कळवलं, की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणं आता आम्हाला परवडत नाही, ३१ मार्चपासून बंद. युद्धाने ब्रिटन पार कफल्लक झालं होतं. ‘महासत्ता’साठीचा ‘सुपरपॉवर’ हा शब्द १९४४ साली विल्यम फॉक्स या अभ्यासकाने रूढ केला, तेव्हा त्याच्या यादीत ब्रिटनही होतं! तीन आठवड्यांत अध्यक्ष ट्रुमनने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, ४० कोटी डॉलर मागितले आणि अमेरिका त्या जागी उभी राहिली. जूनमध्ये मार्शल योजना आली, म्हणजे युद्धाने मोडलेल्या युरोपला उभं करायला अमेरिकी पैसा. असतील शितं तर जमतील भुतं (हे शीत वेगळं), हे स्टालिन पक्कं जाणून होता. चेकोस्लोव्हाकियाने योजनेच्या बैठकीचं आमंत्रण स्वीकारलं होतं, ते त्याने मागे घ्यायला लावलं. रशियाने केलेली बर्लिनची कोंडी आणि नाटो ही पाश्चात्त्य देशांची लष्करी युती, हा पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे.

याच घराण्यातला दुसरा शब्द ‘पोलादी पडदा’, म्हणजे रशियाच्या ताब्यातला युरोप आणि पश्चिम युरोप यांच्यातली सीमा. चर्चिलच्या मार्च १९४६च्या, अमेरिकेतल्या फुल्टन गावच्या भाषणामुळे गाजला तो ‘आयर्न कर्टन’, म्हणजे खरं तर लोखंडी पडदा. आग लागली तर रंगमंच आणि प्रेक्षागृह वेगळं करायला इंग्लंडच्या नाटकगृहांत तसा पडदा असे. मराठीने लोखंडाचं पोलाद केलं आणि ते मला जास्त आवडतं. ‘स्टालिन’ हे घेतलेलं नावही रशियन भाषेतल्या पोलादावरूनच आहे.

तर ‘शीत’ म्हणजे सौम्य नव्हे. कोरियात, व्हिएतनाममध्ये लाखो माणसं मेली. त्याचा अर्थ एवढाच, की दोन मुख्य प्रतिस्पर्धी एकमेकांवर थेट गोळी झाडत नाहीत. अबोला तर मुळीच नव्हे. दोघांच्या राजधान्यांत एकमेकांच्या वकिलाती सगळा काळ चालू होत्या.

म्हणून एकाच पक्षातले दोन नेते एकमेकांकडे न पाहता व्यासपीठावर बसले तर तो अबोला. आतल्या आत कुरबुर असेल तर धुसफूस. हे दोन्ही शब्द आपले आहेत आणि नेमके आहेत, ते सोडून शीतयुद्धाकडे धावायचं कारण नाही. पण दोघेही तुल्यबळ, एकमेकांना संपवण्याची ताकद असलेले, समोरासमोर हसून नमस्कार करणारे आणि गावोगावच्या नगरपालिकांत आपापली माणसं एकमेकांविरुद्ध उभी करणारे असतील, तर ‘शीतयुद्ध’ खुशाल लिहावं. ‘शीतयुद्ध पेटले’ मात्र लिहू नये. आणि हा सामासिक शब्द आहे, त्यामुळे मराठीत ‘शीत युद्ध’ असा तोडू नये.