०.२२०२ नीट काढ, मग पुढे जा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम नमस्कार.

द्रवस्फटिकाच्या नेमॅटिक (रेणू साधारण एकाच दिशेला) ते आयसोट्रॉपिक (दिशा विस्कळीत) अवस्थांतराचं काम थेट मॉन्टे कार्लोपासून, म्हणजे यादृच्छिक सिम्युलेशनपासून, सुरू करू नकोस. आधी मायर-झाउपेंचं मीन-फील्ड प्रतिमान सोडव, ज्यात शेजाऱ्यांच्या जागी त्यांची सरासरी धरतात. त्याची उत्तरं चार दशांशांपर्यंत ठाऊक आहेत, त्यामुळे कोडमधली चूक लगेच पकडता येते.

रेणूची ऊर्जा उणे यू·एस·पी₂. यू म्हणजे आकर्षणाची ताकद, पी₂ म्हणजे रेणू आणि सामाईक दिशा यांमधल्या कोनाच्या कोसाइनची दुसरी लेजाँद्र बहुपदी. एस म्हणजे पी₂ची सरासरी, अर्थात ऑर्डर पॅरामीटर. बहुतेक जण तापमान ठरवून एस = १ पासून आवर्तनं फिरवतात आणि एस जिथे कोसळतो तेच अवस्थांतर मानतात. ते तापमान येतं ०.२२२८ (यू/के या एककात, के म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक), म्हणजे अतितप्त नेमॅटिकची शेवटची हद्द. खरं अवस्थांतर ०.२२०२ ला होतं, तेव्हा एस ०.४२९ असतो.

त्यापेक्षा उलटं जा. एम = यू·एस/(के·टी) धर (टी म्हणजे तापमान), ० ते ५ पर्यंत बारीक पायऱ्यांनी वाढव. प्रत्येक एमसाठी ई^(एम·पी₂) चं कोसाइन ० ते १ या टप्प्यात संकलन कर, ते झेड. गाउस-लेजाँद्रचे ३२ बिंदू भरपूर झाले. त्याच बिंदूंवरून एस काढ, मग तापमान एस/एम. आवर्तनं लागतच नाहीत आणि अस्थिर शाखाही आपोआप हाती येते. एम शून्याकडे नेताना तापमान ०.२ वर गेलं नाही, तर संकलनाचे भारांक तपास.

आता मुक्त ऊर्जा: ½·एम·एस − लॉग झेड (लॉग नैसर्गिक). ती शून्य होते एम ≈ १.९५ ला. प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते, म्हणून तो अर्धा. तो लिहायचा विसरलीस तर नेमॅटिक कोणत्याच तापमानाला जिंकत नाही. चुकीची खूण म्हणून हे लक्षात ठेव.

०.२ ही अतिशीत आयसोट्रॉपिकची हद्द. अवस्थांतरापासूनचं अंतर सुमारे ९ टक्के. पाच-सीबी या नेहमीच्या द्रवस्फटिकाचं अवस्थांतर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ३०८ केल्विन. त्या हिशेबाने अंतर २८ केल्विन यायला हवं. प्रयोगात मिळतं साधारण १! यू कितीही बदललास तरी गुणोत्तरात तो उडून जातो. स्थानिक चढउतार गाळल्याची ही किंमत आहे. लांडाउ-द जेन विस्तारात (मुक्त ऊर्जा एसच्या घातांत मांडतात) तो १ केल्विन येतो खरा, पण गुणांक आपणच प्रयोगावरून बसवलेले असतात.

यानंतर लेबवोल-लॅशर जाळी घे, म्हणजे घनाकार जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक रेणू. सहा शेजारी, अवस्थांतराचं तापमान (एका जोडीची ऊर्जा/के या एककात) मीन-फील्ड म्हणतं १.३२, सिम्युलेशन देतं १.१२. २०×२०×२० जाळीत आयसोट्रॉपिक बाजूलाही एस नेमका शून्य येणार नाही. रेणूसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्तात तो उरतोच. लहान जाळीवर ऊर्जेच्या हिस्टोग्रॅमला एकच उंचवटा दिसला, म्हणून अवस्थांतर दुसऱ्या कोटीचं (एस उडी न मारता सलग बदलणारं) आहे असं लिहून टाकू नकोस. ते पहिल्याच कोटीचं आहे, फक्त फार क्षीण. जाळी मोठी कर, दोन उंचवटे वेगळे होतात का ते बघ.