दार उघडे असते, तरी…

प्रश्न : माझे यजमान चार वर्षांची शिक्षा भोगून दोन महिन्यांपूर्वी कोलवाळच्या कारागृहातून पेडण्याला घरी आले. ते पाच मिनिटांत जेवण उरकतात, सहानंतर अंगणातही उतरत नाहीत, आणि खोलीचे दार उघडे असले तरी मी ‘या’ म्हणेपर्यंत उंबऱ्याशी थांबतात. त्यांचे डोके बिघडले आहे का?

उत्तर : नाही. ही तिथली शिस्त आहे आणि ती अजून अंगातून उतरलेली नाही. दिवस मावळण्याच्या सुमारास बराकीला कुलूप लागते, मोजणी होते, दार उघडणे-लावणे दुसऱ्याच्या हाती असते. वर्षानुवर्षे असे जगलेल्या माणसाचे पाय उंबऱ्याशी आपोआप थांबतात. कैदीपण असे अंगात मुरते, हे डोनाल्ड क्लेमर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्येच मांडले होते. मला त्याहून काळजीची वाटते ती निर्णयांची सवय मोडणे. काय खायचे हेही ज्याने चार वर्षे ठरवले नाही, त्याला म्हापशाच्या मासळी बाजारात एकदम उभे केले तर तो रिकामी पिशवी घेऊन परत येईल, आणि घरचे म्हणतील की याला कशातच रस नाही. म्हणून ‘तुम्हाला काय हवे?’ असे न विचारता ‘बांगडे आणू की सुंगटे?’ असे विचारा. दारातून त्यांना हाताला धरून आत आणू नका. तुम्ही आपले काम करत राहा, ते येतील. मात्र झोप महिनाभर उडालेली असेल, दचकून उठणे वाढत असेल किंवा मरणाची भाषा तोंडी येत असेल, तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला आम्ही सांगितले आहे की पप्पा बोटीवर आहेत. पुढच्या महिन्यात ते सुटतील. हेच पुढे चालवावे का?

उत्तर : गोव्यात ही सबब फार सोयीची, कारण प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी बोटीवर असतोच. पण बोटीवरचा बाप व्हिडिओ कॉल करतो, रजेवर येताना चॉकलेटे आणतो. तुमच्या मुलीने हा फरक टिपला नसेल असे मला वाटत नाही. तिने विचारणे सोडले असेल, तर ते तुम्हाला जपण्यासाठी असू शकते. सुटकेच्या आधीच, तिच्या विश्वासातल्या माणसाने सांगावे : पप्पांनी कायदा मोडला, न्यायालयाने शिक्षा दिली, ती आता संपते आहे, आणि यात तुझी काहीही चूक नाही. शेवटचे वाक्य गाळू नका, कारण या वयाची मुले दोष स्वतःकडे घेतात. ती रागावली तर रागावू द्या, आणि वडील आल्यावर पहिल्याच दिवशी मिठी मारण्याची सक्ती करू नका.

प्रश्न : मुलगा तीन वर्षे कच्चा कैदी होता, नंतर निर्दोष सुटला. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात तो जत्रेलाही जात नाही, सतत चिडतो. आम्ही म्हणतो, झाले गेले विसर.

उत्तर : ते म्हणणे आधी थांबवा. शिक्षा झालेला कैदी उरलेले दिवस मोजतो. कच्च्या कैद्याला पुढच्या तारखेपलीकडे मोजायलाच काही नसते, आणि ही अनिश्चितता कित्येकदा शिक्षेपेक्षा जास्त पोखरते. त्यातून निर्दोष सुटलेल्याचा राग रास्त आहे, तो त्याला पुरता बोलू द्या. निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, नोकरी शोधताना लागेल. जत्रेला गर्दी नसलेल्या वेळी, एखाद्या चुलतभावाबरोबर अर्धा तास जाऊन आला तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : भाऊ ब्राऊन शुगरच्या नादी होता. आत राहून दोन वर्षांत सुटली असे तो म्हणतो. बाहेर आल्यावर काय सांभाळावे?

उत्तर : पहिले दोन आठवडे. सवय तुटली की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पूर्वी पचणारी मात्रा जीव घेते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या तुलनेत बारापटीहून अधिक आढळला, आणि अतिमात्रा हे त्याचे सर्वांत मोठे कारण होते. सुटकेआधीच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची वेळ घ्या, या दिवसांत त्याला एकटे ठेवू नका. हाका मारूनही तो जागा होत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर दमून झोपला असेल म्हणून चादर पांघरून ठेवू नका. तत्काळ १०८ ला फोन करा.